लिनक्सच्या अडचणी आणि परस्परसाहाय्याने त्यांचे निवारण

शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी संस्था यांच्या कार्यालयांत संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तथापि, तो अडला की काय करावयाचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप फार थोड्या ठिकाणी सापडते. या प्रश्नाला अलीकडे एक नवे महत्त्व आले आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली चालण्यासाठी उत्पादकाने ठरविलेल्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. असे संगणक मोडीत न काढता त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविल्यास ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. केंद्र शासनाने मुक्त-स्रोत प्रणालींच्या स्वीकारासंबंधीचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. सी-डॅक या संस्थेने तर लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच उपलब्ध करून दिली होती.

परंतु प्रणाली विनामूल्य मिळाली म्हणून तिची निगा आपोआप राखली जात नाही. लिनक्ससाठी मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. मात्र लहान शाळेला वा ग्रामपंचायतीला तो खर्च बहुधा परवडत नाही. त्यांचा खरा आधार म्हणजे जगभर पसरलेला लिनक्सच्या वापरकर्त्यांचा समुदाय होय. या समुदायात प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, विद्यार्थी आहेत आणि केवळ हौसेखातर शिकलेले असंख्य लोकही आहेत. ते वेतनाशिवाय मदत करतात. मात्र ती मदत पदरात पडणे हे विचारणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ही पद्धत कोणती, हे येथे नेहमीच्या काही अडचणींच्या आधारे पाहावयाचे आहे.

परस्परसाहाय्याची परंपरा

लिनक्सचा जन्मच मुळी एका विचारणेतून झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी ‘मिनिक्स’ या प्रणालीच्या वापरकर्त्यांना उद्देशून एक संदेश प्रसृत केला. आपण हौस म्हणून एक विनामूल्य प्रणाली तयार करीत आहोत; मिनिक्समधील कोणत्या गोष्टी आपणांस आवडतात व कोणत्या आवडत नाहीत, ते कळवावे, अशी त्याने विनंती केली होती. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली होती. कोणतीही प्रणाली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असावे, ही त्यामागील भूमिका होती. १९९२ मध्ये टोरवाल्ड्स याने आपली प्रणाली याच प्रकल्पाच्या परवान्याखाली खुली केली आणि दोन्ही प्रयत्न एकत्र आले.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या प्रकल्पाने १९९७ मध्ये एक सामाजिक करार स्वीकारला. प्रणालीतील दोष वापरकर्त्यांपासून दडवून ठेवले जाणार नाहीत, असे त्यात अभिवचन आहे. त्यानुसार डेबियनमधील दोषांची नोंद कोणालाही वाचता येते व कोणालाही तीत भर घालता येते. दोष उघड करण्यात कमीपणा नाही, उलट तो लपविण्यात सर्वांचे नुकसान आहे, हा विचार या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

नव्याने प्रणाली बसविण्याची घाई

संगणक अडला की ‘सर्व पुसून प्रणाली पुन्हा बसवा’ असा सल्ला हमखास ऐकावयास मिळतो. तो सोपा वाटतो. परंतु त्यात दोन धोके असतात. पहिला धोका माहितीचा. शाळेतील निकालपत्रके, मूल्यमापनाच्या नोंदी, ग्रामपंचायतीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती हे सर्व बहुधा त्याच डिस्कवर असते. पुनर्स्थापना करताना चुकीचा विभाग निवडला गेला, तर वर्षानुवर्षांचे काम क्षणात नाहीसे होते.

दुसरा धोका तितकासा लक्षात येत नाही. प्रणाली पुसली की दोषाचा पुरावाही पुसला जातो. मूळ कारण डिस्कच्या झिजेत किंवा वारंवार खंडित होणाऱ्या विजेत असेल, तर नवी प्रणालीही काही आठवड्यांनी त्याच मार्गाने जाते आणि कारण मात्र अज्ञातच राहते. यास्तव पुनर्स्थापना हा अखेरचा उपाय मानावा. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. संगणक मुळीच सुरू होत नसला, तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आतील फायली पुष्कळदा बाहेर काढता येतात.

निरीक्षण आणि नोंद

दोषनिवारणाची पहिली पायरी निरीक्षणाची आहे. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ‘काहीतरी एरर आली’ या वाक्यातून मदत करणाऱ्याला काहीही कळत नाही. संदेशातील एखादा शब्द किंवा आकडाच नेमके कारण सांगत असतो. शक्य असेल तेथे संदेश अक्षररूपाने द्यावा. छायाचित्रातील अक्षरे शोधयंत्राला नेहमी सापडत नाहीत. प्रणालीचा वापर मराठीतून होत असेल, तर संदेशही मराठीत येतो आणि जगभरातील जुन्या उत्तरांशी तो जुळत नाही. अशा वेळी आज्ञेच्या आरंभी ‘एलसी_ऑल=सी’ हे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिल्यास तोच संदेश इंग्रजीत मिळतो. या लेखातील अन्य आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या लहान इंग्रजी अक्षरांत लिहावयाच्या असतात.

लिनक्स स्वतःही आपली दैनंदिनी ठेवीत असते. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. ‘जर्नलसीटीएल -बी’ ही आज्ञा संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनच्या घडामोडी दाखविते, तर तिच्यापुढे ‘-१’ जोडल्यास त्याआधीच्या खेपेच्या घडामोडी बहुतेक प्रणालींवर पाहावयास मिळतात. काल सायंकाळी संगणक अचानक का बंद पडला, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते.

विचारणा कशी करावी

तांत्रिक प्रश्न कसा विचारावा, हा विषय या समुदायाने गांभीर्याने हाताळला आहे. सायमन टॅथम यांनी दोषांची माहिती परिणामकारकपणे कशी द्यावी यावर १९९९ मध्ये एक निबंध लिहिला. एरिक रेमंड व रिक मोएन यांचा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरील निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोहोंचा आशय थोडक्यात असा, की मदत करणारा दूर आहे, त्याला आपला पडदा दिसत नाही आणि त्याचा वेळ मोलाचा आहे, याचे भान ठेवावे. या दृष्टीने विचारणेत पुढील बाबी याव्यात :

१. प्रणालीचे नाव व आवृत्ती. ‘लिनक्स आहे’ एवढे पुरेसे नाही. उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा की बॉस, आणि कितवी आवृत्ती, हे लिहावे. सेटिंगमधील माहितीच्या पानावर ते आढळते.

२. संबंधित यंत्राची ओळख. ‘एलएसपीसीआय’ व ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा संगणकातील व त्याला जोडलेल्या भागांची यादी देतात.

३. काय साधावयाचे होते, प्रत्यक्ष काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले.

४. दोष केव्हापासून आहे आणि त्याच्या आधी कोणता बदल झाला होता.

५. आतापर्यंत कोणते उपाय केले व त्यांचा परिणाम काय झाला.

यांपैकी तिसऱ्या बाबीकडे विशेष दुर्लक्ष होते. विचारणारा आपल्या मनाने एक उपाय ठरवितो आणि त्या उपायातील अडचण तेवढी विचारतो; मूळ हेतू सांगतच नाही. समजा, एखाद्याने ‘फायलींवरील सर्व बंधने कशी काढावीत?’ असे विचारले. त्याचा खरा हेतू दोन शिक्षकांना एकच फायल वापरता यावी इतकाच असू शकेल. हेतू कळला, तर दोघांचा एक गट करून देण्याचा सुरक्षित मार्ग सुचविता येतो. हेतू न कळल्यास मिळालेले उत्तर बरोबर असूनही संगणक असुरक्षित होतो.

विचारणेतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘वाय-फाय चालत नाही, तातडीने मदत करावी’ या विचारणेला उत्तर देणे कोणालाही शक्य नाही. तीच विचारणा अशी करता येईल : ‘उबुंटू २४.०४. परवापर्यंत वाय-फाय व्यवस्थित चालत होते. काल सायंकाळी प्रणाली अद्ययावत केली. आज सकाळपासून नेटवर्कची नावे दिसत नाहीत. तारेने जोडल्यास इंटरनेट चालते. एलएसपीसीआयने दाखविलेली ओळ आणि आरएफकिल लिस्ट या आज्ञेचे उत्तर सोबत दिले आहे. आरंभसूचीतून आधीचे कर्नल निवडल्यास वाय-फाय पूर्ववत चालते.’ कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. जुन्या कर्नलवर यंत्र चालते व नव्यावर चालत नाही, एवढे कळताच दोष यंत्रात नसून नव्या कर्नलमधील चालकप्रणालीत असावा, असा निष्कर्ष निघतो. अशी विचारणा तयार करता करता विचारणाऱ्यालाच उत्तर सापडल्याची उदाहरणे या समुदायात नित्य घडतात.

नेहमीच्या काही अडचणी

विजेचा खोळंबा : ग्रामीण भागात ही सर्वांत मोठी अडचण होय. प्रणाली अद्ययावत होत असतानाच वीज गेली, तर काही भाग नवे व काही जुने अशी अर्धवट स्थिती निर्माण होते. डेबियन वर्गातील प्रणालींवर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा अर्धवट राहिलेले काम पुढे नेते आणि ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा राहिलेल्या त्रुटी भरून काढते. याच संदर्भात कुलूप असल्याचा, म्हणजे ‘लॉक’ मिळत नसल्याचा, एक संदेश येतो. दुसरा एखादा कार्यक्रम पडद्याआड प्रणाली अद्ययावत करीत आहे, इतकाच त्याचा अर्थ बहुधा असतो. काही मिनिटे थांबल्यास कुलूप आपोआप सुटते. कुलपाची फायल पुसून टाका, असा सल्ला दिला जातो. तो मानल्यास दोन कार्यक्रम एकाच नोंदीवर एकाच वेळी लिहू लागतात आणि किरकोळ अडचणीचे रूपांतर मोठ्या बिघाडात होते.

वीज गेल्यामुळे डिस्कवरील फायलींची मांडणी विस्कळीत झाली असल्यास संगणक अर्ध्यावर थांबतो आणि ‘एफएससीके’ हा तपासणीचा कार्यक्रम हाताने चालविण्याची सूचना देतो. वापरात नसलेल्या विभागावर हा कार्यक्रम चालविणे योग्य आहे. वापरात असलेल्या विभागावर तो दुरुस्तीसाठी कधीही चालवू नये. मात्र त्याआधी डिस्क स्वतः निकामी होत नाही ना, हे ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने पाहावे. डिस्कच झिजली असेल, तर दुरुस्तीच्या प्रयत्नात उरलेली माहितीही जाऊ शकते. अशा वेळी आधी प्रत व मग दुरुस्ती, हा क्रम पाळावा.

पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही : पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रवेशाचे पान पुन्हा समोर येते. अनेकजण यास पासवर्डचा दोष समजतात. वस्तुतः त्याची दोन नेहमीची कारणे वेगळीच आहेत. एक, डिस्क पूर्ण भरलेली असणे; त्यामुळे प्रवेशासाठी लागणाऱ्या छोट्या फायलीही लिहिता येत नाहीत. दोन, एखादा कार्यक्रम प्रशासकाच्या अधिकाराने चालविल्यामुळे वापरकर्त्याच्या कप्प्यातील एखाद्या फायलीची मालकी बदललेली असणे. लक्षण एकच, परंतु उपाय भिन्न. कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळी एकत्र दाबून केवळ अक्षरांच्या पडद्यावर प्रवेश करावा व ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्यावी. मुख्य विभाग शंभर टक्के भरलेला दिसल्यास पहिले कारण निश्चित होते. मग ‘सुडो एपीटी क्लीन’ या आज्ञेने साठलेल्या स्थापनफायली काढून जागा मोकळी करता येते. जागा शिल्लक असेल, तर फायलींची मालकी तपासावी. अनुमानापेक्षा एका आज्ञेचे उत्तर अधिक विश्वसनीय असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

वाय-फाय : येथे लॅपटॉपच्या झाकणावरील नावाचा फारसा उपयोग नसतो. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. काही चिपना चालण्यासाठी ‘फर्मवेअर’ नावाची वेगळी फायल लागते. ती मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत स्थापनसंचात पूर्वी समाविष्ट नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ती समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे जुन्या उत्तरांतील सूचना नव्या आवृत्तीला लागू पडतीलच असे नाही. कोणतेही उत्तर वाचताना त्याची तारीख पाहावी, ते याचसाठी.

घड्याळ : अनेक संकेतस्थळे एकाएकी ‘सुरक्षित नाहीत’ असे दिसू लागतात आणि प्रणाली अद्ययावत करण्यासही नकार मिळतो. अशा वेळी प्रथम पडद्यावरील तारीख पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असण्याचा संभव आहे. अनेक संगणकांत तो सीआर-२०३२ या प्रकारचा असतो व बाजारात अल्प किमतीत मिळतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असल्याने चुकीच्या तारखेच्या संगणकाला ती अवैध वाटतात. हा दोष लिनक्सचा नव्हे. कोणत्याही प्रणालीवर तो तसाच उद्भवला असता.

प्रिंटर : लिनक्सवरील छपाईची व्यवस्था ‘कप्स’ ही प्रणाली पाहते. कागद अडकल्यावर किंवा तार सुटल्यावर कधी कधी ती छपाईची रांग थांबवून ठेवते आणि कागद काढल्यानंतरही रांग थांबलेलीच राहते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा चालू करावी लागते. अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळ्या चालकप्रणालीशिवाय चालतात. काहींना मात्र उत्पादकाची स्वतंत्र चालकप्रणाली लागते. नवा प्रिंटर खरेदी करण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो काय, याची विचारणा करणे सर्वांत स्वस्त पडते.

मराठी मजकूर : महाराष्ट्रातील कार्यालयांना ही अडचण विशेष जाणवते. जुने दस्तऐवज उघडले असता मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक सरमिसळ दिसते. असे दस्तऐवज युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेले असतात. त्यांत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असून विशिष्ट फॉन्टमुळे ती मराठीसारखी दिसत असत. तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही संगणकावर हेच घडते. यावरील कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे व रूपांतरानंतर, विशेषतः नावे आणि आकडे, मूळ प्रतीशी ताडून पाहणे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ हे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येते. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ व हलन्त वापरला जातो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असू शकतात. म्हणून लाभार्थींच्या यादीत नाव असूनही शोध घेतल्यास ते सापडत नाही, असा प्रकार घडतो. विचारणा करताना ‘शोध चालत नाही’ असे न लिहिता न सापडलेला शब्द, कोणत्या कळफलकाने टंकित केला त्यासह, कळवावा. संपूर्ण कार्यालयाने एकच कळफलक, उदाहरणार्थ इन्स्क्रिप्ट, वापरल्यास ही अडचण मुळातच उद्भवत नाही.

सल्ला घेताना सावधगिरी

परक्या व्यक्तीचा सल्ला सद्‌भावनेने दिलेला असला, तरी तो पारखून घेणे ही घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे. जी आज्ञा ‘सुडो’ या शब्दाने सुरू होते ती प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालते. तिचा अर्थ ‘मॅन’ या आज्ञेने उघडणाऱ्या माहितीपुस्तिकेत आधी वाचावा. ‘आरएम’ ही आज्ञा फायली पुसते. पुसलेल्या फायली कचरापेटीत जात नाहीत. ‘डीडी’ या आज्ञेत डिस्कचे नाव चुकल्यास संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहिला जातो. या दोन आज्ञा असलेला सल्ला दुसऱ्या जाणकाराला दाखविल्याशिवाय अमलात आणू नये.

एका वेळी एकच बदल करावा. पाच जणांचे पाच उपाय एकदम केल्यास कशाने गुण आला व कशाने बिघडले, हे कळेनासे होते. उपायाचा उपयोग न झाल्यास तो मागे घ्यावा व मगच पुढचा करावा.

शासकीय कार्यालयांनी आणखी एक पथ्य पाळावयास हवे. मदत मागताना पाठविलेल्या चित्रात नागरिकांची नावे, आधार क्रमांक, विद्यार्थ्यांची माहिती वा पासवर्ड दिसता कामा नयेत. अनोळखी व्यक्तीला दुरून संगणकाचा ताबा देणेही टाळावे. मदतीसाठी दोषाची माहिती लागते. गावाची माहिती लागत नाही.

उत्तराची परतफेड

साहाय्य मिळाले, संगणक सुरू झाला आणि विचारणारा निघून गेला, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे तीच अडचण पुढे आलेल्या माणसाला प्रश्न तेवढा सापडतो, उत्तर सापडत नाही. कोणत्या उपायाने काम झाले, हे दोन ओळींत कळविणे हीच या व्यवस्थेतील परतफेड होय. उपाय स्वतःच शोधून काढला असेल, तर तो कळविणे अधिकच अगत्याचे आहे.

हीच शिस्त कार्यालयाच्या पातळीवरही आणता येईल. प्रत्येक संगणकासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, दिसलेला दोष, संदेशाचे शब्द, केलेला उपाय, परिणाम आणि उपाय करणाऱ्याचे नाव असे सहा रकाने असावेत. शाळेतील संगणकाचे ज्ञान बहुधा एकाच शिक्षकाजवळ असते आणि त्यांची बदली झाली की ते त्यांच्याबरोबर जाते. नोंदवही असल्यास ते शाळेतच राहते. नव्या शिक्षकाला विचारणा करताना दोषाचा पूर्वेतिहास हाती मिळतो आणि मदत करणाऱ्याचे काम निम्मे होते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अशा नोंदींचे वाचन झाल्यास एका शाळेतील उपाय शेजारच्या दहा शाळांना कळू शकतो.

केरळ राज्याचा अनुभव या बाबतीत मार्गदर्शक आहे. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शाळांमध्ये मुक्त प्रणालींचा अवलंब केला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. या संस्थेने उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांसाठी तयार करून घेतली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटिल काइट्स’ या उपक्रमात विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देण्यात येते आणि ते शाळेतील संगणकसाधनांची देखभाल करण्यास हातभार लावतात. परस्परसाहाय्य शाळेच्या चार भिंतींच्या आतही उभे करता येते, हे त्यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातही साधने आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील ध्वनिचित्रपाठ मराठीत उपलब्ध आहेत. पाठ पाहताना अडचण आल्यास त्या पाठातील नेमका मिनिट व सेकंद नमूद करून प्रश्न विचारण्याची तेथे सोय आहे. विचारणा किती नेमकी असावी, याचा हा उत्तम वस्तुपाठच होय.

संगणक दुरुस्त होणे हे या प्रयत्नांचे तात्कालिक फळ आहे. त्याहून टिकाऊ फळ म्हणजे पाहण्याची, नोंदण्याची, विचारण्याची आणि मिळालेले उत्तर पुढे देण्याची सवय. ही सवय जेथे रुजेल त्या शाळेत व ग्रामपंचायतीत जुना संगणकही दीर्घकाळ कामाचा राहील. शिवाय तेथील माणसे आज मदत मागणारी असली, तरी काही काळाने इतरांना मदत करू लागतील.